अभ्रीचा दगड

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. त्या भागातली म्हातारी माणसं अजून त्याला सुकडीचं साल म्हणतात, कारण सरकारी कामावर दुपारच्या सुट्टीत लेकराबाळांच्या ओंजळीत सुकडीची गोड भुकटी पडायची आणि पुष्कळ घरांत दिवसभरातलं गोड म्हणून तेवढंच असायचं. पावसाने पाठ फिरवली होती. केदारखेड्याहून हसनाबादकडे जाणाऱ्या सडकेसाठी खडी फोडायचं काम निघालं आणि सगळं गाव त्या सडकेवर येऊन बसलं. ज्यांच्या दावणीला चार बैल असायचे ते आले, आणि ज्यांच्या घराला दावणच नव्हती तेही आले. हातोडीला त्यातलं काही कळत नव्हतं.

सत्यशीला तेव्हा चौदा वर्षांची होती. सातवी पास झालेली. घरात दीक्षेनंतर जन्मलेलं ते पहिलं मूल, म्हणून तिचं नाव वडलांनी, पुंजारामने, विचार करून ठेवलं होतं. पुंजाराम चौथी शिकलेला. रोज संध्याकाळी बौद्धवाड्यात चारजणांना गोळा करून तो पेपर वाचून दाखवायचा, दोन दिवसांचा शिळा असला तरी. सडकेवर तो भराव टाकणाऱ्या पुरुषांत होता. सत्यशीला आई नंदाबाईच्या शेजारी बायकांच्या ओळीत बसून दगड फोडायची.

तिच्या मामाचं नाव भिवा. तो जुन्या जालन्यात एका किराणा दुकानात पुड्या बांधायच्या कामाला होता. रद्दीत गोष्टीचं पुस्तक आलं की तो मालकाला विचारून भाचीसाठी बाजूला काढायचा. पण त्याच्या नजरेस पडेपर्यंत कधी कधी अर्धं पुस्तक जिऱ्या-मोहरीबरोबर लोकांच्या घरी पोचलेलं असायचं. त्या वर्षी आलेलं पुस्तक असंच होतं. वर पुठ्ठा नव्हता, लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, आणि शहाण्णवव्या पानावर ते मध्येच तुटलं होतं.

त्यात अभ्रा नावाच्या मुलीची गोष्ट होती. आई टोपल्या विणणारी, बाप आभाळातला देवदूत. मुलगी अर्धी माणूस आणि अर्धी परी. पाठीवर पंख, ते पदराखाली झाकलेले. उन्हात उभी राहिली तर सावली अर्धीच पडायची. आभाळातली मंडळी म्हणायची, हिच्या अंगाला मातीचा वास येतो. गावातली माणसं म्हणायची, ही आपल्यातली नाही, वरची आहे.

ही गोष्ट सत्यशीलाने पहिल्यांदा आईला सांगितली, हातातलं काम चालू ठेवून. शेजारच्या दोघींनी कान दिले. आठवड्याभरात ओळीतल्या वीस-पंचवीस बायका तिच्याभोवती सरकून बसायला लागल्या. एरवी बौद्धवाड्यातल्या बायका ओळीच्या एका टोकाला बसत आणि गावातल्या दुसऱ्या. गोष्टीसाठी ओळ वाकडी झाली. बोलताना सत्यशीलाचा हात मंद पडायचा, तेव्हा गोजरबाईने कायदाच करून टाकला. प्रत्येकीने फोडलेल्या खडीतली एक पाटी पोरीच्या ढिगावर टाकायची.

गोजरबाई म्हणजे गावातल्या जुन्या शेतकरी घरातली म्हातारी. तोंडाने फटकळ. बौद्धवाड्यातल्या बायकांना पाणी द्यायची पण तांब्या वर धरून, ओंजळीत.

"पुरी परी असती तं मला काय करायची तिला?" ती म्हणायची. "तिला ना तहान, ना घाम. ही बया अर्धी हाय, म्हणून तं जिवाला लागती."

"मला बी पंख पायजेत, आत्या," कौसल्या म्हणाली. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि माहेर तिथून पुढे हसनाबादेत. "सकाळी माहेराला जायचं, दिवस मावळायच्या आत परत. सासूला पत्ता लागायचा न्हाई."

"आन् सासूलाच पंख फुटले म्हंजी? तुझ्या आधी जाऊन तुझ्या माहेरात बसंल ती, तक्रार घेऊन."

सगळी ओळ हसली. गोष्टीत काही मोठं घडायला लागलं की हातोड्या आपोआप थांबत, आणि मुकादम सर्जेरावला लांबूनच ते कळायचं. तो छत्री घेऊन धावत यायचा.

"ए पोरी, तिला जल्दी खाली उतरव! किती येळ आभाळात ठिवतीस? काम बंद पडून राह्यलं हितं!"

"उतरवते, मुकादम. पण खाली नदीला पूर हाय."

"मंग पलीकडं उतरव," असं म्हणून तोही छत्री टेकून तिथेच उभा राहायचा.

शहाण्णव पानं संपली त्या दिवशी सत्यशीला घाबरली. दुसऱ्या दिवशी काय सांगायचं? पण बायका बसल्या, हातोड्यांचा ठेका सुरू झाला आणि तिच्या तोंडून पुढचं निघायला लागलं. अभ्राला आभाळात बोलावणं आलं. तिथल्या लोकांनी सांगितलं, माणूसपण खाली ठेवून ये, मग तुला इथे जागा. अभ्रा म्हणाली, तुम्हाला अर्धी हवी असेल तर मी येत नाही. हे पुस्तकात कुठेच नव्हतं. कुणाला ते ओळखू आलं नाही. त्या रात्री सत्यशीलाला आपल्याच हातांकडे बघावंसं वाटलं. फोड आलेले, दगडाच्या धुळीने पांढरे झालेले हात, पण त्यांची मालकीण आपण आहोत असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

असे पंधरा दिवस गेले. मग एका सोमवारी सकाळी बायका कामावर आल्या तर सगळ्यात मोठ्या ढिगावर एक काळा दगड ठेवलेला. कुणाच्या हातोडीखाली तो असा फुटला होता की दोन्ही बाजूंना पसरट कडा निघाल्या होत्या, पंखांसारख्या. त्याला शेंदूर लावलेला. पुढे नारळ, कण्हेरीची दोन फुलं.

"अभ्रीमाय हाय," कौसल्या खाली मान घालून म्हणाली. "मला सापडली. मी तिला मागणं मागितलंय."

"नारळ माझा," गोजरबाई म्हणाली. "पावसासाठी."

संध्याकाळपर्यंत त्या ढिगावर आणखी चार नारळ जमले. पलीकडच्या कामावरूनही बायका पाया पडायला येऊन गेल्या. सर्जेराव माप घ्यायला आला आणि चार हात लांबच थांबला.

"ह्या ढिगाला मी बिलकुल हात लावणार न्हाई. मला लेकरंबाळं हायेत."

"आवो, पण परवा खडी पसरायला माणसं येणार," कुणीतरी म्हणालं.

"ती बी न्हाई लावणार. सडक वळवून घ्यावी लागंल."

पुंजाराम तिथून जात होता. त्याने दगड पाहिला, शेंदूर पाहिला आणि तो तडक घराकडे चालायला लागला. सत्यशीला मागोमाग.  घरी येऊन तो चुलीसमोर बसला तेव्हा म्हणाला, "शीला, हितं ये."

ती आली.

"सोळा वर्षांपूर्वी ह्या घरातले देवाचे टाक मी ह्या हातांनी विहिरीत सोडले. लोक म्हणले, पुंजाराम, तुझं वाटोळं होईल. झालं का? मी तुझ्या नावात शील ठेवलं. आन् तू भर सडकंवर नवा देव बसवून राह्यली?"

"दादा, मी न्हाई बसवला. मी निस्ती गोष्ट सांगितली."

"गोष्टीतूनच बसतेत सगळे," पुंजाराम म्हणाला. "उद्या सकाळी जाऊन तो दगड मी उचलून फेकणार. मुकादम लावत न्हाई हात, तं मी लावतो."

नंदाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "अवो, तुमी फेकला तं दगड कोनी बघणार न्हाई. कोनी फेकला तेवढंच बघतील. समदं गाव आपल्या वाड्यावर येईल."

"येऊ दे. मंग काय त्याला वळसा घालून सडक न्यायची?"

नंदाबाईचं म्हणणं खरं होतं आणि सत्यशीलाला ते कळत होतं. वडलांना ती ओळखून होती. ते एकदा बोलले की करायचे. उद्या ते ढिगावर चढले तर त्यांच्या अंगावर कोण कोण धावून येईल, याची नावंसुद्धा ती सांगू शकली असती.

"दादा, मला एक दिवस द्या," ती म्हणाली. "उद्या दुपारच्या सुट्टीपस्तोर. गोष्ट माझी हाय. मीच उतरवते तिला."

"तुझी कशी? भिवानं धाडलेल्या पुस्तकातली न्हाई का?"

"पुस्तक शहाण्णव पानाला संपलं. त्याच्या म्होरलं समदं माझं हाय."

पुंजारामने तिच्याकडे पाहिलं. उठून त्याने कोनाड्यातलं पुस्तक काढलं, कंदिलाजवळ नेलं, शेवटचं पान वाचलं आणि फाटक्या कडेवरून बोट फिरवलं.

"आभाळातल्या लोकाला ती न्हाई म्हणती, ते बी? बाया सांगत होत्या परवा."

"ते बी."

त्याने पुस्तक परत कोनाड्यात ठेवलं. मग म्हणाला, "दुपारपस्तोर. त्याच्या म्होरं मी थांबायचो न्हाई."

सत्यशीला अंथरुणावर पडून विचार करत राहिली. अभ्राला मारून टाकावं, हे आधी सुचलं. पण गावाच्या वेशीवरचे सगळे शेंदरी दगड कुणा ना कुणा मेलेल्या माणसाचेच होते. मेल्यावर तर ती आणखी पक्की बसली असती. मग वाटलं, अभ्राच्या तोंडून सांगावं की माझी पूजा करू नका. पण असं सांगणाऱ्याच्याच पाया लोक आधी पडतात, हेही तिने पाहिलं होतं. सकाळी आईने फडक्यात भाकरी बांधून हातात दिली, अजून गरम. ती हातात घेतली आणि तिला कळलं.

मंगळवारी ऊन चढेपर्यंत ती बोललीच नाही. बायका कंटाळल्या.

"आज मौन हाय का?" गोजरबाईने विचारलं. "पाटी तर टाकून घेतलीस."

"सांगते, आत्या." सत्यशीलाने हातोडी बाजूला ठेवली. भरावावरची माणसंही आज जवळ आली होती. वडील त्यांच्यात होते, हातात लोखंडी पहार घेऊन. सूर्य डोक्यावर यायला फार वेळ नव्हता.

"आभाळातल्या लोकांला न्हाई म्हणून अभ्रा माघारी निघाली," तिने सुरुवात केली. "तीन दिवस, तीन राती उडत होती. पोटात कायबी न्हाई. पंख दुखाया लागले. खाली गाव दिसलं तशी ती म्हणली, आता मायच्या घरी जाईन आन् पोटभर भाकर खाईन. वेशीत उतरली तं समदं गाव गोळा झालेलं. ओटा बांधलेला. लोकांनी तिला उचललं आन् ओट्यावर बसवलं."

"बसवणारच की," कुणीतरी म्हणालं.

"अभ्रा म्हणली, मला भूक लागली, भाकर द्या. लोक हसले. म्हणले, देवाला भाकर कशाला? देव वासावर जगतो. त्यांनी फुलं टाकली, नारळ फोडला. खोबरं वाटून घेतलं आपसात. ती म्हणली, मंग मला कामाला तरी येऊ द्या, मी माझं कमवून खाते. लोक म्हणले, देव काम करीत न्हाई."

हातोड्या कमी होत चालल्या होत्या.

"मंग त्यांनी तिला तेल लावलं, शेंदूर लावला. तोंडाला लावला, हाताला लावला, पंखाला लावला. लई मायेनं लावला. तेला-शेंदरानं पंखाचं पीस आन् पीस चिकटलं. तिनं उघडून पाह्यले, उघडंनात. उडता येईना. आन् खाली उतरून चालावं तं लोक उतरू देईनात."

"अगं बया," कौसल्या हळूच म्हणाली.

"तिची माय टोपल्या टाकून पळत आली. लोक म्हणले, रांगंत उभी राहा. माय म्हणली, माझी लेक हाय. लोक म्हणले, देवाला माय नसती. तिला पार शेवटाला उभी केली. तिच्या पदरात भाकर होती. रांग काय सरकंना. भाकर वाळून गेली."

आता एकही हातोडी वाजत नव्हती. सर्जेरावची छत्रीसुद्धा मिटलेली होती. सत्यशीला थांबली.

"मंग?" गोजरबाईने विचारलं.

"मंग मला म्हाईत न्हाई."

"म्हाईत न्हाई म्हंजी? पुस्तकात काय हाय?"

"पुस्तकात म्होरली पानं न्हाईत, आत्या. ती तिथंच बसली हाय. उपाशी. पंख चिकटलेले. कोनी उठवल्याबिगर ती उठत न्हाई."

 पुंजारामने पहार एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सत्यशीलाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती गोजरबाईकडे पाहत होती. म्हातारीच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं होतं. तिने ते बाजूला थुंकलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ढिगाकडे चालायला लागली.

"आत्या, नगा!" कौसल्या ओरडली.

"गप." खडी घसरत होती तरी गोजरबाई ढिगावर चढली. तिने नारळ बाजूला सारले, दगड दोन्ही हातांनी उचलला आणि पोटाशी धरून खाली आणला. पदराच्या टोकाने त्याचा शेंदूर पुसायला लागली. पदर लाल झाला. "लई येळ बसलीस," ती दगडाला म्हणाली. "म्या म्हातारीनंच नारळ ठिवला. माझ्या घरात सुनेला मी कधी उपाशी ठिवलं न्हाई, आन् तुला ठिवलं. ऊठ."

तिने दगड खाली ठेवून त्यावर हातोडी मारली. तो फुटला नाही. पुन्हा मारली. मग तिने हातोडी कौसल्यापुढे धरली.

"तू बशिवलीस. तूच उठव."

"माझं मागणं, आत्या..."

"अगं, तिलाच खायाला न्हाई. तुला काय देणार ती?"

कौसल्याने डोळे पुसले, हातोडी घेतली, आणि तिसऱ्या ठोक्याला दगड फुटला. गोजरबाईने तुकडे ओंजळीत भरले आणि ढिगावर टाकले. चांगली, काळी, टणक खडी.

"पंख कोन्त्या तुकड्यात गेले असतील?" कौसल्याने नाक ओढत विचारलं.

"सडकंत गेले. आता जाय त्याच सडकंनं माहेराला, सासूला सांगून."

आधी एकजण हसली, मग सगळ्या. गोजरबाई येऊन धपकन जागेवर बसली. "हां. आता सांग म्होरलं. उठली का ती?"

"उठली," सत्यशीला म्हणाली.  "उठली आन् पयल्यांदा भाकर खाल्ली."

"कशासंगं?"

"ठेच्यासंगं."

"आन् पंखाचा शेंदूर?"

"मायनं राखुंडीनं धुतला."

"राखुंडीनं तेल बराबर निघतं," नंदाबाई म्हणाली. ओळीतल्या गोष्टीत ती पहिल्यांदाच बोलली.

मग गोष्टीतली अभ्रा कामावर आली. पंख असूनही ती उडत गेली नाही. बायका दगड फोडत होत्या तिथे त्यांची लेकरं बाभळीला बांधलेल्या झोळ्यांत होती, आणि बाभळीची सावली ती केवढी. अभ्राने दोन्ही पंख पसरले आणि सगळ्या झोळ्यांवर धरले. आभाळातून कुणीतरी ओरडलं, अगं, पंख उडायला असतात! ती म्हणाली, कशाला असतात ते मला बराबर म्हाईत हाय.

गोष्ट तिथे संपली. गोजरबाईने आपला तांब्या भरला. "घसा वाळला असंल तुझा," ती म्हणाली आणि तांब्या वर न धरता सरळ सत्यशीलाच्या हातात दिला. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. गोजरबाईने त्यांच्याकडे पाहिलं, तशा त्या कामाला लागल्या.

पुंजारामने पहार जमिनीत रोवली. "मुकादम," तो म्हणाला, "माप घ्या आता. ढीग मोकळा हाय."

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी तो भोकरदनला गेला आणि एक जाड कोरी वही घेऊन आला. दाभण आणि जाड दोरा घेऊन दारात बसला आणि त्याने ती वही त्या फाटक्या पुस्तकाला मागून शिवून टाकली. मग पेन मागवून घेतलं आणि वहीच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, आपल्या मोठ्या अक्षरात आकडा लिहिला. ९७.

"म्होरलं लिव," तो म्हणाला. "जे बोललीस ते समदं लिव. हात न लावता देव उतरवलाय माझ्या लेकीनं." हे वाक्य त्याने त्या संध्याकाळी पेपर वाचून झाल्यावर वाड्यात सगळ्यांना ऐकवलं, आणि नंतर आयुष्यभर, कुणी विचारो न विचारो, ऐकवत राहिला.

सडक त्या पावसाळ्याआधी झाली. पाऊसही झाला, नारळाशिवाय.

सर्जेराव पुढे कितीतरी कामांवर मुकादम राहिला. म्हातारपणी फाट्यावर चहाचं हॉटेल टाकून बसला आणि नव्या माणसाला सांगायचा की ती अभ्रा मीच पोरीला खाली उतरवायला लावली. जुन्या जालन्यात प्लास्टिकच्या पिशव्या आल्या तशी रद्दी बंद झाली. भिवा मग दुसऱ्या दुकानात मापाला उभा राहिला, पण पुस्तकं बंद झाल्याचं दुःख त्याला भाचीपेक्षा जास्त होतं. कौसल्याला मूल झालं नाही. धाकट्या दिराच्या दोन मुली तिनेच वाढवल्या आणि दोघींना शिकवून नोकरीला लावलं. देवाला ती जायची, पण नैवेद्य आधी दारातल्या भुकेल्याला वाढून मग जायची. गोजरबाई त्या सडकेवर डांबर पडेपर्यंत जगली. डांबर टाकणाऱ्यांना तिने काठीने एक जागा दाखवून सांगितलं होतं, हितं जरा बेतानं. नंदाबाई गेली तेव्हा तिच्या उशाखाली त्या सडकेवरची हातोडी सापडली. पुंजाराम एक्याण्णव साली गेला. त्या सकाळीसुद्धा पेपर त्याच्या मांडीवर होता.

सत्यशीला मास्तरीण झाली. छत्तीस वर्षं तिने त्याच तालुक्यातल्या शाळांत शिकवलं. दर वर्षी नव्या वर्गाला ती अभ्राची गोष्ट सांगायची, आणि दर वर्षी एखादं पोर विचारायचंच, बाई, ती पुरी परी का नव्हती? ती म्हणायची, पुरी असती तर तुमच्या शेजारी बसली असती का?

आता तिची नजर अधू झाली आहे. पुस्तक आणि वही एकाच दोऱ्यात शिवलेली तिच्या कपाटात आहेत. पहिली शहाण्णव पानं कुणी लिहिली ते अजून कुणाला माहीत नाही. सत्त्याण्णवपासूनची कुणाची, ते मात्र केदारखेड्यात कुणालाही विचारा.